शाळेत शौचालय आहे, पण मुलं जात नाहीत: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

मी पंप आणि नळाची कामं करतो. देवगड आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यावरच्या, खाडीकाठच्या जिल्हा परिषद शाळांतून वर्षाला दोनदा तरी फोन येतो. एकदा जूनमध्ये शाळा उघडल्यावर, एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. "शौचालय बंद पडलंय, टाकी भरली वाटतं, बघून जा." शाळा वेगळी, वाडी वेगळी, बिघाड मात्र तोच. आणि टाकी बहुतेक वेळा भरलेली नसतेच. कुठेतरी एखादी साधी गोष्ट अडलेली असते आणि तिच्यापायी मुलांनी तिकडे जाणं केव्हाच सोडलेलं असतं. म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो तो क्रम इथे लिहून ठेवतोय. आधी फुकटातलं, मग शे-दोनशेचं, मग मोठं.

लक्षणं कशी ओळखायची

तुंबलेला पॅन आणि कोरडा नळ कुणालाही दिसतो. पण बिघाडाची पहिली खूण शाळेत नाही, घरी दिसते. मुलाची पाण्याची बाटली संध्याकाळी सकाळइतकीच भरलेली परत येते. मुलगी घरी आली की दप्तर ओटीवर टाकून आधी मागच्या दारी धावते. वर्षातून तीन-चारदा उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, आणि आपण सबजा-धण्याचं पाणी देऊन विषय संपवतो. ही मुलं शाळेत जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत.

शाळेत बघायचं तर मधल्या सुट्टीत जाऊन उभं राहा. मुली जोडीनं जातात का? एक आत आणि एक बाहेर दार धरून, असं चाललं असेल तर कडी गेलेली आहे. मुलगे गडग्यामागे (दगडी कुंपणामागे) जातात का? सहावी-सातवीतली एखादी मुलगी दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस गैरहजर असते का? हजेरीपट बाईंकडेच असतो, विचारलं तर त्या दाखवतात. शौचालयाच्या उंबऱ्यावर गवत वाढलंय, दाराच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं न तुटता आहे, म्हणजे कित्येक दिवसांत आत कोणी गेलेलंच नाही. मग फळ्यावर "शौचालय: चालू" असं लिहिलेलं असलं तरी ते बंद समजा.

आधी कुलूप आणि वेळ

इथे एक पैसाही लागत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळा बिघाड इथेच सापडतो. दोनपैकी एका शौचालयाला कुलूप असतं. पाहुणे येतात, तपासणी येते, मतदान केंद्र लागतं, तेव्हा स्वच्छ असावं म्हणून ते राखून ठेवलेलं असतं. चावी कार्यालयातल्या खिळ्याला. दुसरीतलं पोर चावी मागायला मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत जाणार नाही, ते दम धरेल किंवा चड्डीत करेल. शाळा भरायच्या आधी कुलूप निघालं पाहिजे आणि शाळा सुटल्यावर लागलं पाहिजे. हे काम कोणाचं, ते एका माणसाच्या नावानं ठरवा. "सगळ्यांनी बघा" म्हटलं की कोणीच बघत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. केंद्राच्या स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या निकषात ४० मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या धरल्या आहेत. आता हिशोब करा. मुली ३५, दार एक, छोटी सुट्टी १० मिनिटांची. एकीला दोन मिनिटं धरली तर पाच जणींचं होतं. उरलेल्या तीस जणींनी काय करायचं? तास चालू असताना विचारलं तर सोडतात का, हे मुलांना एकट्यानं विचारा, गुरुजींसमोर नको. सोडत नसतील तर नुसत्या दुरुस्तीनं काही होणार नाही, आधी तेवढं ठरवून घ्या. सातवीच्या वर्गाला पाच मिनिटं आधी सोडलं तरी रांग निम्म्यावर येते.

मुलाच्या उंचीवरून दार बघा

हे मला एका तिसरीतल्या मुलीनं शिकवलं. मी दार लावून बघितलं, कडी गुळगुळीत सरकत होती. बाहेर येऊन म्हटलं, दार चांगलं आहे. ती म्हणाली, "काका, कडी लागणा नाय." मी म्हटलं, लाव बघू. तिनं टाचा उचलल्या, एक हात भिंतीला टेकवला, दुसरा ताणला. बोटांची टोकं कडीच्या दांड्याला लागली, पण दांडा सरकवायला जोर येईना. कडी माझ्या छातीच्या उंचीला होती. ज्यानं बसवली त्यानं स्वतःच्या सोयीनं बसवली होती, आणि तपासताना मीही स्वतःच्याच सोयीनं तपासली होती. ती पोर दीड वर्षं मैत्रिणीला दाराशी उभं करून जात होती.

तेव्हापासून मी कडी जमिनीपासून ८० ते ९० सेंमीवर बसवतो. पहिलीच्या मुलाच्या छाती-खांद्याला येते आणि सातवीच्या मुलीलाही अडचण होत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कडी दोन पावसाळेही धड काढत नाही, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची घ्या. स्क्रूही स्टेनलेसचेच घ्या. कडी अ‍ॅल्युमिनियमची आणि स्क्रू लोखंडी घातले की सांध्यालाच खातं आणि वर्षभरात कडी हातात येते. दुकानदार पुडीतले देईल तेच स्क्रू घेऊन येऊ नका.

दार लाकडी किंवा प्लायचं असेल तर ते मिरगानंतर फुगतं. मे महिन्यात सहज लागणारं दार जुलैत चौकटीत रुतून बसतं आणि मूल आत अडकतं. एका शाळेत पहिलीतला मुलगा असा तासभर अडकला होता, बाहेर पाऊस कोसळत असल्यानं हाक कोणाला ऐकू गेली नाही. त्यानंतर त्या वर्गातलं एकही मूल वर्षभर तिकडे फिरकलं नाही. तेव्हा पावसाच्या आधीच दाराची कड रंधून घ्या, तळाला चार बोटं फट ठेवा, आणि बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी कडी मिळाली तर तीच बसवा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असेल तर आणखी चांगलं. आत कोणी घसरून पडलं तर दार त्याच्या अंगावर ढकलत बसावं लागत नाही.

मग दार लावून आत दोन मिनिटं उभं राहा. काळोख आहे का? बल्ब लावायच्या आधी छपराकडे बघा. कौलारू असेल तर दोन कौलं काढून काचेची कौलं बसवा, पत्रा असेल तर एक पट्टी पारदर्शक पत्र्याची टाका. खर्च थोडा, वीज गेली तरी उजेड जात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दिवस दिवस वीज नसते, म्हणून मी बल्बापेक्षा काचेच्या कौलावर जास्त भरवसा ठेवतो.

वास येतोय? आधी एक बादली पाणी ओता

पॅनखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी साचून राहतं. खालचा वास वर येऊ नये म्हणून ते पाण्याचं झाकण. मेच्या सुट्टीत महिना-दीड महिना पॅन वापरात नसतो, ते पाणी वाळून जातं आणि खड्ड्यातला सगळा वास खोलीत येतो. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी बाई दार उघडतात, नाकाला पदर लावतात आणि मला फोन करतात. प्रत्येक पॅनमध्ये आणि मोरीच्या जाळीत एकेक बादली पाणी ओता, दारं उघडी टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. माझ्या निम्म्या जूनच्या फेऱ्या या एका बादलीनं वाचल्या असत्या.

तरी वास राहिला आणि तुमच्याकडे सेप्टिक टाकी असेल, तर हवेच्या उभ्या पाइपाचं तोंड बघा. कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. काठीनं मोकळं करा, तोंडाला जाळी बांधा.

साफ करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ॲसिड आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधीही एकत्र वापरू नका, एकामागून एकही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो फुफ्फुस जाळतो. शेवाळ काढायला टीसीएल आणि खराटा पुरतो, ॲसिडची बाटली शाळेत ठेवूच नका. आणि ही सफाई मुलांकडून करून घेऊ नका.

पाणी

टाकीत पाणी आहे पण नळाला करंगळीएवढीही धार नाही, अशी तक्रार असेल तर तीन गोष्टी बघायच्या. टाकीच्या बुडाचा कॉक कोणी बंद केलाय का? टाकीतून पाइप निघतो त्या तोंडाशी पाला किंवा मेलेला बेडूक अडकलाय का? झाकण उडालेल्या टाकीत हे हमखास. आणि तिसरी म्हणजे पाइपात हवा धरली आहे का? टाकी ते शौचालय पाइप टाकताना गडग्यावरून किंवा दाराच्या चौकटीवरून वर चढवून खाली उतरवलेला असतो. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की त्या चढावर हवा अडकते, नंतर टाकी भरली तरी पाणी पुढे सरकत नाही. सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा ठेवा. तरी नाही आलं तर खालून दुसऱ्या नळीनं उलटं पाणी सोडा, बुडबुडे येऊन हवा निघून जाते. दर वेळी हेच होत असेल तर त्या चढाच्या टोकाला टी लावून अर्धा इंची पाइप टाकीच्या पाण्याच्या वर जाईल एवढा उभा करून घ्या. एकदाच खर्च येतो, पुन्हा हवा धरत नाही.

पाणीच नसेल तर प्रश्न वेगळा. एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते, तेव्हा पिण्याचं आधी, बाकीचं नंतर, हे सगळ्यांना मान्यच असतं आणि शौचालयाला पहिलं कुलूप लागतं. हिशोब केला तर फार पाणी लागत नाही. खोल उताराचा ग्रामीण पॅन दोन लिटरच्या आसपास पाण्यात साफ होतो. चाळीस मुलांच्या शाळेला धुणं-पुसणं धरून माझ्या अंदाजानं दिवसाला अडीच-तीनशे लिटर पुरतं. साधा सपाट पॅन बसवलेला असेल तर बादलीभर पाणी ओतूनही घाण जागेवर राहते, म्हणून पॅन बदलायची वेळ आली की दुकानातून ग्रामीण पॅनच आणा.

आणि पावसाळ्यात पाणी नाही म्हणून शौचालय बंद, हे मला बघवत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटरचं असेल तर १० मिमीच्या एका सरीला हजार लिटर पाणी पागोळ्यांतून अंगणात सांडतं, आणि मागे शौचालय कोरडं, कारण वीज नाही आणि पंप बंद. पागोळीखाली एक पन्हळ लावा, पिंपात उतरवा, पिंपाला झाकण आणि खाली तोटी. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, छपरावरची घाण निघून जाते. हे पाणी पॅन धुवायला वापरायचं, प्यायला नाही. पिंपाला झाकण नक्की हवं, नाहीतर डास होतात.

वाट आणि जमीन

शौचालय बहुतेक शाळेच्या मागे, कुंपणाच्या कडेला. वाटेवर शेवाळ धरतं आणि मुलं पडतात. खराट्यानं घासा, दोन चिऱ्यांच्या मधे खडी टाका. आतली फरशी गुळगुळीत असेल तर बदलताना खरबरीत घ्या. एखादं मूल कुबडी घेऊन किंवा खुर्चीवरून येत असेल तर पायऱ्यांऐवजी उतार आणि भिंतीला धरायचा दांडा हवाच. दांडा हलवून बघा, प्लास्टरात नुसता खोचलेला दांडा भार पडला की हातात येतो.

वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत हातभर रुंदीनं कापा आणि चिऱ्यांचे, कौलांचे ढीग हलवा. फुरसं अशाच दगडांत बसतं, रंगानं मातीसारखंच, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. विंचू दाराच्या मागे, ओल्या बादलीखाली. बादली उपडी ठेवू नका, खिळ्याला टांगा. आत जाण्याआधी दार काठीनं ठोकायची सवय मुलांना लावा. चावलंच तर चिरायचं नाही, दोरी आवळायची नाही, मुलाला चालवायचं नाही. १०८ ला फोन करून थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं. कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन गोळीचा उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिला त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. वेळेत पोचलेलं मूल वाचतं, मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

पाणी तुंबतंय

पॅन आणि खड्डा यांच्यामध्ये एक छोटा चेंबर असतो, वर फरशीचं झाकण. हातमोजे घाला आणि तेवढंच झाकण उघडा. चेंबर कोरडा असेल तर अडथळा पॅन आणि चेंबरच्या मधे आहे. बांबूची लवचीक कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग घालून निघतो. तिथे मला दगड, गोट्या, वेफर्सची पाकिटं आणि मोठ्या मुलींच्या शाळेत सॅनिटरी पॅड सापडतात. पॅडसाठी मुलींना रागावू नका. टाकायला दुसरी जागा नसेल तर त्या काय करणार? मुलींच्या शौचालयात, दाराच्या आत, झाकणाचा डबा ठेवा, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. डबा बाहेर ठेवला तर कोणी वापरणार नाही. तो रोज कोण रिकामा करणार, हेही आधी ठरवा.

चेंबर पाण्यानं भरलेला असेल तर अडथळा पुढे, खड्ड्याकडे आहे. दोन शोषखड्डे असतील तर चेंबरमधून दोन वाटा निघतात. एक वाट विटेनं बंद असायला हवी, म्हणजे एक खड्डा वापरात आणि दुसरा विश्रांतीला. बांधणाऱ्यानं ती वीट लावलेलीच नसते, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलं आहे. दोन्ही खड्डे एकदम भरत जातात आणि एकदमच बंद पडतात. वीट असेल तर वाट बदला, भरलेला खड्डा किमान वर्षभर तसाच राहू द्या.

तुंबणं फक्त जुलै-ऑगस्टमध्ये होत असेल आणि ऑक्टोबरात आपोआप थांबत असेल, तर खड्डा मैल्यानं भरलेला नाही, जमिनीतलं पाणी त्यात चढलं आहे. उपसून काही उपयोग नाही, रात्रीत पुन्हा भरतो. आणि याचा दुसरा अर्थ गंभीर आहे: खड्ड्यातलं पाणी जमिनीतल्या पाण्यात मिसळतंय. जांभ्या दगडात भेगा असतात, पाणी कुठून कुठे निघेल सांगता येत नाही. जवळ शाळेची विहीर असेल तर पाण्याचा नमुना लगेच तपासायला द्या. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुना नेतो. निकाल येईपर्यंत मुलांना उकळलेलं पाणी.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

खड्ड्याचं किंवा सेप्टिक टाकीचं मोठं झाकण उघडू नका, वाकून बघू नका, कोणाला आत उतरवू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. वाचवायला उतरणारा दुसराही जातो. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं आत उतरवायला बंदी आहे. ग्रामपंचायतीमार्फत जवळच्या नगर परिषदेची उपसा करणारी गाडी मागवा. मी स्वतः वीसेक वर्षं हे काम करतोय, मीही झाकण उघडत नाही.

नळाला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिणी आली, तर मेन स्विच बंद, शौचालय बंद, आणि परवानाधारक वायरमन. पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारं स्विच, बसवून घ्या.

भिंतीला तिरकी भेग, स्लॅबची सळी उघडी, चिऱ्याची भिंत बाहेर झुकलेली, असं दिसलं तर मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. प्लास्टर करून झाकूही नका. जिल्हा परिषद बांधकामच्या अभियंत्यानं बघितलं पाहिजे, तशी लेखी मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या.

चौथी गोष्ट नळवाल्याच्या हातातली नाही, पण दार दुरुस्त करताना ती माझ्या कानावर आली आहे, म्हणून लिहितो. दार, पाणी, उजेड सगळं ठीक आणि तरी एखादं मूल तिकडे जायला घाबरतं, ठरावीक माणसाचं नाव काढलं की गप्प होतं. अशा वेळी मुलाला उलटसुलट प्रश्न विचारू नका, त्या माणसाला बोलावून समोरासमोर करू नका, गावात बैठक लावून मिटवू नका. १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात जा. २०१२ च्या पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं कळवणं बंधनकारक आहे, मग तो शिक्षक असो की माझ्यासारखा कामाला आलेला माणूस.

पैसे कुठून

कडी, काचेची कौलं, पन्हळ, डबा हे शाळेच्या संयुक्त अनुदानात बसतं. त्यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. मोठ्या कामाला ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित निधी मागा, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं जाऊ द्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यांच्या सह्यांचं वजन पडतं. अर्जात लिहा की मुलामुलींची वेगळी शौचालयं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व राज्यांना सहा महिन्यांत ती द्यायला सांगितलं होतं. सोबत फोटो जोडा, पोच घ्या.

काम झाल्यावर मी शाळेतल्या सगळ्यात लहान मुलाला किंवा मुलीला, बाई बरोबर असताना, आत पाठवतो. कडी लागते का, पाण्याचा मग हातात येतो का, तोटी फिरते का, कडी परत उघडते का, हे ते मूल करून दाखवतं, तेव्हाच सामान आवरतो. आठवड्यानं पालकांनी घरी परतलेल्या बाटल्या बघायच्या. अजून भरलेल्या असतील तर पुन्हा कुलपापासून सुरुवात.